बीपी किती आलं, ते विचारा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'स्त्रियांचे आरोग्य'. वीस मिनिटांत स्त्रियांचं आरोग्य म्हणजे पोस्टकार्डावर महाभारत. म्हणून मी विषय कापून लहान केलाय. एकाच गोष्टीवर बोलते. गरोदर बाईचं बीपी कसं मोजायचं, आणि ते नीट मोजलं नाही तर काय होतं.

पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर 'आम्ही चहाला जाऊ का' असं दिसतंय. बसा. आपण सगळे आता पंचावन्नच्या आसपास आलोय. सकाळपासून तिघींनी मला मोबाईलवर डोहाळजेवणाचे फोटो दाखवले. पहिलटकरीण आपल्याकडे सातव्या महिन्यात माहेरी येते. म्हणजे बीपी वाढायचा धोका ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त, त्या महिन्यांत ती मुलगी तुमच्या घरी असते, आणि तिला दवाखान्यात घेऊन जाणारा बाप आत्ता मागच्या बाकावर बसलाय. तेव्हा हे भाषण बायकांपेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

आधी आजार समजून घेऊ. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर काही बायकांचं बीपी वाढतं. त्याबरोबर लघवीतून प्रथिनं जायला लागली किंवा लिव्हर, किडनी, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम व्हायला लागला, की त्याला आम्ही प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. जगभरात शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायकांना हा होतो. आपल्या वर्गाच्या दोन तुकड्या मिळून जेवढ्या मुली होत्या, त्यांतल्या दोघी-तिघींना तो झाला असणार. कुणाला ते माहीत असेल, कुणाला नसेल.

मुळात हा आजार वारेचा आहे. गर्भ रुजतो तेव्हा गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. कुठल्या कारणानं त्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेची उपासमार होते. अशी वार आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडते आणि त्यामुळे आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी वाढतं ते त्यामुळे. डोकं, डोळे, लिव्हर, किडनी, सगळीकडे त्याचा फटका बसतो. म्हणूनच यावर खरा उपाय एकच, वार बाहेर काढणं, म्हणजे बाळंतपण. बाकी सगळी औषधं ही वेळ मिळवण्यासाठी असतात, आणि त्या मिळालेल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाची फुफ्फुसं तयार होतात. त्यामुळे ती औषधं कमी महत्त्वाची समजू नका.

आता यातली वाईट गोष्ट सांगते. बीपी वाढलेलं त्या मुलीला कळत नाही. १५०/१०० असलेली पोर माझ्यासमोर बसून हसत बोलत असते. ती म्हणते, मला काहीच होत नाही. आणि ज्या तक्रारी होतात, त्यांना आपल्या घरात आधीच नावं ठरलेली असतात. डोकं दुखलं, तर उन्हात गेली असेल. पोटाच्या वरच्या भागात, बरगडीखाली दुखलं आणि उलटी झाली, तर पित्त. पायावर सूज, तर पोटुशीला येतेच. चेहरा सुजला, तर 'बघा कशी अंगानं भरलीय'. पायाची थोडी सूज खरंच बहुतेकींना येते, ते खोटं नाही. पण चेहरा आणि हात एकदम सुजले, बांगडी निघेना झाली, तर ती अंगानं भरलेली नसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस. पहाटे एका मुलीला जीपमधून आणलं. वय एकवीस, पहिलं बाळंतपण, साडेआठ महिने चाललेले, माहेरी आलेली. दोन दिवसांपासून डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या. घरात कोकमाचं सरबत चालू होतं. रात्री ती म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. पहाटे तिला आकडी आली. घरच्यांनी चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. दुसरी आकडी आल्यावर जीप काढली. माझ्याकडे पोचली तेव्हा सिस्टरनं वाचलेलं बीपी होतं १८४/१२२.

आम्ही जे करायचं ते केलं. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, बीपी उतरवलं. पण वार आधीच आतून सुटली होती आणि बाळाचे ठोके थांबलेले होते. मुलगी वाचली. पुढचे काही दिवस तिला मोठ्या रुग्णालयात ठेवावं लागलं.

तिच्या वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट घडी करून ठेवलेले होते. माणूस काळजीचा होता. एकही तपासणी चुकवली नव्हती. मी ते कार्ड पाहिलं. पाच भेटींच्या पाच नोंदी होत्या. ११०/७०. ११०/७०. ११०/७०. ११०/७०. ११०/७०. शेवटची नोंद आठ दिवसांपूर्वीची. ते मोजलं होतं की नुसतं लिहिलं होतं, हे मला सांगता येणार नाही. मी तिथे नव्हते. पण एका जिवंत बाईचं बीपी पाच महिन्यांत पाचही वेळा अगदी तेवढंच येत नाही. गरोदरपणात तर नाहीच, कारण मधल्या महिन्यांत ते थोडं उतरतं आणि शेवटी पुन्हा चढतं. वडील मला म्हणाले, "मॅडम, मी दर वेळी विचारलं. नॉर्मल आहे म्हणाले."

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, 'नॉर्मल आहे का' असं विचारू नका. 'किती आलं' असं विचारा. आकडा विचारला की समोरच्याला तो मोजावा लागतो.

आकड्यांचं गणित सोपं आहे. वरचा १४० किंवा जास्त, किंवा खालचा ९० किंवा जास्त. दोन्हींपैकी एक पुरे, दोन्ही वाढायची वाट बघायची नाही. असं आलं तर काही तासांनी पुन्हा मोजायचं आणि लघवी तपासायची. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, तर 'उद्या दाखवू' हा शब्द काढायचा नाही, त्याच तासाला रुग्णालय. १०८ नंबर सगळ्यांना पाठ आहेच. बीपी एवढं नसलं आणि डोकं फार दुखत असलं, नजर धूसर झाली किंवा बरगडीखाली दुखत असलं, तरी त्याच दिवशी दाखवायचं.

आता मोजायचं कसं. इथे मला आपल्या शास्त्राच्या सरांचे आभार मानायचे आहेत. ते पहिल्या रांगेत बसलेत. आपल्या प्रयोगशाळेत भिंतीवर फोर्टिनचा वायुदाबमापक होता, आठवतो? पाऱ्याची उंच नळी. सर प्रत्येकाला पुढे बोलवायचे आणि डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायला लावायचे. बुटक्यांना स्टूल, उंचांना वाकायची शिक्षा. वरून बघितलं तर एक आकडा, खालून बघितलं तर दुसरा. तेव्हा वाटायचं, काय फरक पडतो एका मिलिमीटरनं? बीपीचा आकडासुद्धा पाऱ्याचे मिलिमीटरच आहे. हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा उचलतो, आणि तुमचं हृदय त्याच्यावर आणखी १२०. हे मला मेडिकल कॉलेजात शिकवताना फार वेळ लागला नाही, कारण ते इथे शिकून झालं होतं.

हे यंत्र तसं जुनं नाही. रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरनं १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून तो पाऱ्याच्या नळीला जोडला. पण त्याला मनगटाची नाडी चाचपून वरचाच आकडा मिळायचा. खालचा आकडा मिळाला १९०५ मध्ये, कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनमुळे. पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप ठेवून त्यानं ऐकलं. हवा सोडताना टक-टक सुरू होते तो वरचा आकडा, आणि ती पूर्ण थांबते तो खालचा. आम्ही शिकत होतो तेव्हा गरोदर बाईत आवाज मंद होतो तिथेच खालचा आकडा धरावा, असं शिकवणारे होते. आता आवाज थांबतो तोच धरतात. लघवीचं तर त्याहून जुनं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्ये आकडी आलेल्या बाळंतिणींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडल्याचं लिहून ठेवलं. ते बघायची त्या काळची रीत म्हणजे लघवी तापवायची, अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठलं की प्रथिनं आहेत. आता पट्टी बुडवली की रंग बदलतो, मिनिटभराचं काम आहे. तरी ते केलं जात नाही तेव्हा मला राग येतो.

घरी किंवा दवाखान्यात मोजताना नेमकं काय बघायचं ते सांगते. मुलगी आल्या आल्या मोजायचं नाही. जिना चढून, एसटीत उभी राहून आलेली असते. पाच मिनिटं खुर्चीत बसू दे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. लघवी तुंबलेली नको, तिनंही बीपी वाढतं. अर्धा तास आधी चहा नको. आणि हे जरा हळू आवाजात सांगते, मिश्री नको. आपल्या भागात अजून लावतात, आणि डॉक्टरला कुणी सांगत नाही. खरं तर गरोदरपणात ती अजिबातच नको.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नाही. हात टेबलावर टेकलेला, दंड हृदयाच्या पातळीला. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटा जास्त येतो, वर धरला तर खोटा कमी. दहा सेंटिमीटरला साधारण साडेसात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. हे सरांचंच गणित आहे, द्रवाच्या स्तंभाचं. यातलं एक मी तपासण्यांत खूपदा पाहिलंय. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवतात, ते बरोबर आहे. मग वरच्या, म्हणजे उजव्या हाताला पट्टा बांधतात. तो हात हृदयाच्या वर असतो. आकडा छान खाली येतो आणि सगळे खूश होतात.

पट्ट्याचं माप हा वेगळाच घोळ आहे. दंड जाड आणि पट्टा छोटा, तर बीपी नसताना बीपी दिसतं. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा घ्यावा लागतो. दुकानदार हे सांगत नाही, शिंप्याचा टेप लावून आपणच बघायचं. आणि मोजत असताना बोलायचं नाही. माहेरी आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला एक मिनिट गप्प बसवणं ही बीपी मोजण्यातली सगळ्यात अवघड पायरी आहे.

हातानं मोजणाऱ्या सिस्टर इथे दोघी आहेत, त्यांच्यासाठी थोडं. आधी नाडी चाचपून ती कुठे बंद होते ते बघा, त्याच्या वीस-तीस वर पट्टा फुगवा, आणि हवा सावकाश सोडा, सेकंदाला दोन मिलिमीटर. घाईत सोडली तर वरचा आकडा निसटतो. आणि कृपा करून शून्यावर आणू नका. पाऱ्याच्या पट्टीवर दोन-दोनच्या खुणा आहेत, त्या शोभेच्या नाहीत. १३८/८८ ला १३०/८० लिहिलं की सीमेवर उभी असलेली बाई एकदम सुरक्षित दिसायला लागते.

पारा आता जातोय. मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रं बंद होत चाललीत, आणि पारा विषारी आहे हे खरंच आहे. त्याच्या जागी तबकडीची आणि डिजिटल मशीन आलीत. तबकडीचं मशीन अधूनमधून तपासून घ्यावं लागतं, नाहीतर काटा हळूहळू सरकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची कंपनं मोजून हिशेब करतं. प्रीएक्लॅम्प्सियात रक्तवाहिन्या वेगळ्या वागतात, त्यामुळे काही डिजिटल मशीन प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतात. म्हणून घेताना गरोदरपणासाठी तपासलेलं मॉडेल आहे का ते डॉक्टरला विचारून घ्या. मनगटाचं घेऊ नका, दंडाचं घ्या. विकत आणलं की ते दवाखान्यात न्या आणि त्यांच्या मशीनशी एकदा ताडून बघा. घरी शांतपणे मोजलेलं बीपी दवाखान्यापेक्षा थोडं कमीच असतं, म्हणून घरी दोनदा १३५/८५ किंवा जास्त आलं, तरी फोन करा. आकडा, तारीख, वेळ वहीत लिहा. मशीनच्या मेमरीवर राहू नका, नातवंडं बटणं दाबतात.

माहेर-सासरच्या प्रवासात हरवते ती फाईल. पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी हे आमच्यासाठी सोन्यासारखं असतं, कारण ते तिचं मूळचं बीपी. मधे ते उतरतं म्हटलं ना, त्यामुळे पाचव्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलेल्या मुलीला जुना रक्तदाब असला तरी तो झाकलेला असतो. मुलगी पुण्याहून, ठाण्याहून, कुणाची बंगळुरूहून येते, ओटी भरून येते, साड्या येतात, सुकामेवा येतो, आणि फाईल तिकडेच राहते. जावयाला फोन करून फोटो मागवा.

तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात काय झालं होतं, तेही लेकीला सांगा. आईला किंवा बहिणीला हा आजार झालेला असेल तर मुलीला धोका वाढतो. पहिली खेप, जुळं, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास, फार वजन, चाळिशीच्या आसपासचं गरोदरपण, हीही कारणं. अशा मुलींना आम्ही साधारण बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतो आणि त्यानं धोका खरोखर कमी होतो. मात्र सोळावा आठवडा उलटल्यावर सुरू करून तेवढा उपयोग नाही. म्हणून सातव्या महिन्यात आठवण होऊन भागत नाही. आणि ती डॉक्टरनंच द्यायची, कपाटातली आजोबांची गोळी नको. आजीची बीपीची गोळी तर मुळीच नको. त्यांतल्या काही गोळ्या बाळाच्या किडनीला घातक असतात.

मीठ बंद करा, असं आपल्याकडे हमखास सांगतात. पापड-लोणच्याचा अतिरेक नकोच, पण मीठ तोडून प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. दिवसभर झोपवून ठेवूनही टळत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र सरकारी दवाखान्यात मिळतात त्या खरंच घ्याव्यात, ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी त्यांनी तर नक्कीच.

मघाशी मॅग्नेशियम सल्फेट म्हटलं, ते म्हणजे प्रयोगशाळेतलं एप्सम सॉल्ट. सुईतून द्यायला शुद्ध केलेलं, पण तेच. साध्यासुध्या, स्वस्त औषधाची एवढी मोठी परीक्षा क्वचित झाली असेल. ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासाचा निकाल २००२ मध्ये आला, आणि या औषधानं आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो हे पक्कं झालं. आजारी मुलीला लांब पाठवताना पहिला डोस देऊन मग पाठवायचं असतं. निघताना 'मॅगसल्फ दिलंय का' असं विचारायला लाजू नका, आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या.

बाळंतपण झालं, पेढे वाटले, म्हणजे संपलं असं नाही. पहिल्या आठवड्यात, विशेषतः तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं. नेमकी तेव्हा ती घरी आलेली असते. खोलीत शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, आणि डोकं दुखतं म्हटलं की 'वारं लागलं'. बाळाचं वजन रोज होतं, आईचं बीपी कुणी बघत नाही. बाळंतिणीचं डोकं दुखलं तर आधी पट्टा बांधा, मग रुमाल. आणि ज्या बाईला हा आजार एकदा झाला, तिला पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आपल्या वर्गातल्या ज्या दोघी-तिघी मी मघाशी मोजल्या, त्यांच्यासाठी हे आहे. तुमचा धाकटा मुलगा पंचवीस वर्षांचा झाला असला, तरी आज तुम्ही तुमचं मोजून घ्या.

जेवणानंतर मी नववी 'ब'च्या वर्गात बसणार आहे. दोन मापांचे पट्टे आणलेत. ज्यांनी घरची मशीन आणलीत त्यांनी ती घेऊन या, ताडून बघू. जेवणानंतरच्या चहापासून अर्धा तास थांबून या. वर्ग माडीवर आहे, तेव्हा जिना चढल्यावर पाच मिनिटं बाकावर गप्प बसावं लागेल. सर, त्यांना गप्प बसवायचं काम तुमच्याकडे.